काळ्या पाषाणाची स्मृती : चुंबकीय कणातील ऊर्जांचा ताळेबंद

स्मरणिका हा आठवणींचा ग्रंथ. अशा ग्रंथात ऊर्जेच्या हिशोबावरील पाठ कशासाठी, असा प्रश्न माजी विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. आमचे उत्तर असे, की हा लेखही एका आठवणीविषयीच आहे. ती आठवण आपल्या पायांखालच्या दगडाची आहे. शिवाय एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे फार दिवसांपासून थकले आहे. ते ऋण येथे फेडावे, असा आमचा मानस आहे.

दिवाळीनंतरचे दिवस होते. वर्गातील अनेकांचे आईवडील ऊसतोडीसाठी फडावर गेले होते आणि मुले वसतिगृहात राहत होती. चुंबकत्वाचा पाठ शिकवण्यासाठी आम्ही मुलांना घेऊन आटलेल्या ओढ्यात उतरलो. कागदात गुंडाळलेला पट्टीचुंबक कोरड्या वाळूतून फिरवला, तसे काळे बारीक कण त्याला केसांसारखे चिकटले. हे कण कोठून आले, असे मुलांनी विचारले. आपल्या बालाघाटातील काळा पाषाण झिजून ते आले, असे आम्ही सांगितले. आणि याच कणांमुळे तो पाषाण कोट्यवधी वर्षांपूर्वीची पृथ्वीच्या चुंबकाची दिशा जपून ठेवतो, असेही पुढे जोडले. तेव्हा एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "सर, पेटीतला चुंबक जवळ आणला की होकायंत्राची सुई पृथ्वीला सोडून त्याच्याकडे वळते. म्हणजे पृथ्वीचा जोर कमीच. मग एवढ्या कमी जोराचं दगडानं ऐकलं कसं? आणि ऐकलं तरी इतकी वर्षं तो विसरला कसा नाही?"

लाव्हारस थंड होताना पृथ्वीच्या क्षेत्रामुळे दगड चुंबकित होतो, हे पुस्तकातील वाक्य सांगून आम्ही तास संपवला. वाक्य खरे होते. पण 'ऐकलं कसं' आणि 'विसरला कसा नाही' या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यात नव्हती. ती उत्तरे कणाच्या आतील ऊर्जांच्या हिशोबात आहेत. या हिशोबाच्या शास्त्रास सूक्ष्मचुंबकीय प्रतिमान असे म्हणता येईल.

पाषाण आणि त्यातील कण

बीड जिल्ह्याची भूमी दख्खनच्या लाव्हाथरांची आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वाहिलेला रस थरावर थर साचून थंड झाला व त्याचा बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, झाला. अजिंठ्याची लेणी ज्या खडकात कोरली गेली, तोही याच दख्खनी बेसाल्टचा. या खडकात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे व त्याच्या टायटॅनियमयुक्त भावंडांचे कण विखुरलेले असतात. खडकाच्या आकारमानाच्या तुलनेत त्यांचा वाटा अल्प असला, तरी खडकाचे चुंबकत्व मुख्यतः त्यांचेच असते.

हे चुंबकत्व किती खरे आहे, याची साक्ष अलिबागची वेधशाळा देते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या, तेव्हा त्यांच्या प्रवाहामुळे कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडतील हे ओळखून १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेण्यात आले. तेथील इमारतीसाठी अचुंबकीय असा पोरबंदरचा वालुकाश्म वापरला गेला. कोकणातही काळ्या दगडाची वाण नाही. परंतु पृथ्वीचे चुंबकत्व मोजणाऱ्या घराच्या भिंतीच चुंबकीय असून चालणार नव्हते.

एक खुलासा आधीच करावयास हवा. मॅग्नेटाइट हे काटेकोर अर्थाने लोहासारखे लोहचुंबकीय नाही. त्यातील अणुचुंबकांचे दोन गट परस्परविरुद्ध असतात व त्यांची वजाबाकी होऊन जे उरते, ते आपल्याला चुंबकत्व म्हणून दिसते. मात्र ऊर्जांचा हिशोब मांडताना या उरलेल्या चुंबकत्वाला लोहचुंबकाचेच नियम लावता येतात. म्हणून पुढील विवेचन लोखंडाच्या कणालाही, आकडे बदलून, लागू पडते.

बाणांचे गाव

फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर वाइस यांनी १९०७ मध्ये असे मांडले, की चुंबकीय पदार्थाचे लहान लहान प्रदेश पडलेले असतात व प्रत्येक प्रदेशातील अणुचुंबक एकाच दिशेला तोंड करून असतात. लांदाऊ व लिफशित्झ यांनी १९३५ मध्ये या प्रदेशांच्या सीमांचे गणित दिले. पुढे विल्यम फुलर ब्राउन यांनी हे सर्व एका सूत्रात ओवले व १९६३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला.

पद्धत अशी आहे. एका कणाचे आपण मनाने बारीक घनाकृती खोल्यांत विभाजन करतो आणि प्रत्येक खोलीत एक बाण कल्पितो. बाणाची लांबी ठरलेली असते; तो केवळ दिशा बदलू शकतो. सर्व बाणांच्या एखाद्या मांडणीची एकूण ऊर्जा किती, हे मोजावयाचे. मग बाण थोडे थोडे वळवून ती ऊर्जा कमी होते का ते पाहावयाचे. आणि आणखी कमी होत नाही अशा ठिकाणी थांबावयाचे. ती मांडणी म्हणजे कणाची एक स्थिर अवस्था. आता या एकूण ऊर्जेत कोणकोणते वाटे असतात, ते क्रमाने पाहू.

पहिला वाटा : विनिमय ऊर्जा. शेजारच्या बाणांनी एकमेकांना समांतर राहावे, असा या ऊर्जेचा आग्रह असतो. लेझमाच्या रांगेतील मूल शेजाऱ्याकडे पाहूनच पाऊल टाकते, तसा हा प्रकार आहे. शेजाऱ्यांतील कोन लहान असेल तर भुर्दंड अगदी कमी आणि कोन वाढला की तो झपाट्याने वाढतो. मॅग्नेटाइटसाठी हिशोब केल्यास, १०० नॅनोमीटर अंतरात बाण हळूहळू वळत पूर्ण उलटे झाले, तर प्रत्येक घनमीटरमागे सुमारे १३ हजार ज्यूल ऊर्जा लागते. हेच वळण ५० नॅनोमीटरमध्ये घ्यावयाचे तर सुमारे ५२ हजार आणि १० नॅनोमीटरमध्ये घ्यावयाचे तर सुमारे १३ लाख ज्यूल लागतात. एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख नॅनोमीटर, हे ध्यानी घेतले म्हणजे या अंतरांची कल्पना येईल.

दुसरा वाटा : स्फटिकाची विषमदिक् ऊर्जा. स्फटिकात सर्व दिशा सारख्या नसतात. नांगरलेल्या रानात तासाच्या दिशेने चालणे सोपे व तास ओलांडत चालणे कष्टाचे, तसेच बाणांचे आहे. मॅग्नेटाइटच्या घनाकृती स्फटिकात कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत जाणारे चार कर्ण या सोप्या वाटा आहेत. प्रत्येक कर्णावर दोन दिशांना तोंड करता येते, म्हणून सोप्या दिशा आठ होतात. या ऊर्जेचा स्थिरांक घनमीटरमागे सुमारे १३ हजार ज्यूल आहे.

तिसरा वाटा : स्वतःच्या ध्रुवांची ऊर्जा. प्रयोगशाळेतील पट्टीचुंबक पेटीत ठेवताना आपण विरुद्ध ध्रुव शेजारी ठेवतो व टोकांना मऊ लोखंडाच्या पट्ट्या लावतो. ध्रुव मोकळे राहिले तर चुंबक स्वतःच क्षीण होतो, हे आपणास ठाऊक आहे. कणाच्या पृष्ठभागावर उघडे पडलेले ध्रुवही असेच कणाच्या आत उलटे क्षेत्र निर्माण करतात. सर्व बाण एकाच दिशेला असलेल्या गोल मॅग्नेटाइट कणात ही ऊर्जा घनमीटरमागे सुमारे ४८ हजार ज्यूल भरते. ती टाळण्यासाठी बाणांना वळसा घालून, ध्रुव बाहेर न दाखवता फिरावेसे वाटते. कण लांबट असेल तर लांबीच्या दिशेने ही ऊर्जा कमी असते. म्हणून कणाचा आकारही दिशा ठरवतो. संगणकाला सर्वांत अधिक श्रम याच वाट्याचे पडतात, कारण येथे प्रत्येक खोलीचा संबंध इतर प्रत्येक खोलीशी येतो.

चौथा वाटा : बाह्य क्षेत्राची ऊर्जा. बाहेरच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने बाण असतील तर ऊर्जा कमी, विरुद्ध असतील तर अधिक. आपल्या भागात पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ४३ मायक्रोटेस्ला आहे. त्यावरून मॅग्नेटाइटसाठी हा वाटा घनमीटरमागे सुमारे २० ज्यूल येतो.

यांखेरीज खडकावर ताण पडला असता स्फटिक किंचित दबतो वा ताणला जातो व त्यामुळे बाणांच्या सोप्या दिशा बदलतात. हा ताणजन्य ऊर्जेचा पाचवा वाटा होय.

आता त्या मुलाची शंका किती नेमकी होती, हे दिसून येईल. एका बाजूस १३ हजार व ४८ हजार, दुसऱ्या बाजूस केवळ २०. घरातील सर्वांत क्षीण आवाज पृथ्वीचा आहे. तरीही पाषाणात नोंद होते ती त्याच आवाजाची.

आकाराप्रमाणे स्वभाव

उत्तराकडे जाण्यापूर्वी कणाच्या आकाराचा विचार करावा लागतो. वरील आकड्यांतच त्याचे रहस्य आहे. ५० नॅनोमीटरच्या कणात बाण वळवण्याचा खर्च ५२ हजार, आणि न वळवता ध्रुव उघडे ठेवण्याचा खर्च ४८ हजार. म्हणून बाण न वळणेच पसंत करतात. सारा कण एकाच दिशेचा एक प्रदेश होतो. १०० नॅनोमीटरच्या कणात मात्र वळण्याचा खर्च १३ हजारांवर उतरतो, आणि बाण भोवऱ्यासारखे फिरू लागतात. आमचा हा हिशोब ढोबळ आहे. परंतु संगणकावरील काटेकोर गणितातही लांबी, रुंदी व उंची सारखी असलेल्या मॅग्नेटाइट कणासाठी ही सीमा ८० नॅनोमीटरच्या आसपासच येते. कण आणखी मोठा होऊन काही मायक्रोमीटरपर्यंत पोहोचला, की त्यात अनेक प्रदेश पडतात व त्यांच्या सीमा सहज सरकतात. अशा कणाची स्मृती कच्ची असते.

उलट टोकाला, २५–३० नॅनोमीटरपेक्षा लहान कणही स्मृती राखत नाहीत. त्यांना उष्णताच स्थिर राहू देत नाही.

घाट आणि खिंड

'विसरला कसा नाही' या प्रश्नाचे उत्तर आधी घेऊ. मांजरसुंब्याचा घाट चढून-उतरून जाणाऱ्यांना हे समजणे कठीण नाही. कणाच्या प्रत्येक सोप्या दिशेला आपण एक दरी मानू. एका दरीतून दुसऱ्या दरीत जायचे तर मधला डोंगर ओलांडावा लागतो आणि कोणीही शहाणा वाटसरू सर्वांत कमी उंचीची खिंडच शोधतो. या खिंडीच्या उंचीला ऊर्जा-अडसर म्हणतात. उष्णतेमुळे कणातील बाण सतत थरथरत असतात. खिंड ठेंगणी असेल तर या थरथरीतच कण पलीकडच्या दरीत जातो आणि जुनी दिशा पुसली जाते.

लुई नेएल या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये याचे गणित दिले. चुंबकत्वावरील त्यांच्या कार्यासाठी त्यांना १९७० चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या सूत्रात खिंडीची उंची उष्णतेच्या मापाने मोजतात आणि स्मृतीचा काळ त्या उंचीच्या घातांकाने वाढतो. आम्ही हे सूत्र फळ्यावर मांडून पाहिले. एक मिनिट टिकणाऱ्या स्मृतीसाठी खिंड उष्णतेच्या एककाच्या सुमारे २५ पट हवी. ६.६ कोटी वर्षे टिकणाऱ्या स्मृतीसाठी ती सुमारे ५६ पट हवी. म्हणजे सव्वादोन पटीने उंच, एवढेच. एकच दिशा असलेल्या कणात खिंडीची उंची कणाच्या आकारमानाच्या प्रमाणात असते. त्यामुळे कणाची जाडी सुमारे तीस टक्क्यांनी वाढली, की एका मिनिटाची स्मृती ६.६ कोटी वर्षांची होते. विज्ञान शिकवताना आम्हाला थक्क करणारी जी थोडी गणिते भेटली, त्यांत हे एक आहे.

क्षीण आवाज ऐकला गेला तो असा

आता पहिला प्रश्न. लाव्हारस बाहेर पडतो तेव्हा सुमारे ११०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेला असतो. शुद्ध मॅग्नेटाइटचे क्यूरी तापमान ५८० अंश आहे. त्यात टायटॅनियम असेल तर ते याहून कमी असते. या तापमानाच्या वर बाणांत एकवाक्यताच नसते. थर निवत ५८० अंशांच्या थोडे खाली आला, की बाण प्रथम एकत्र येतात. पण त्या क्षणी त्यांची लांबी फार कमी असते. त्यामुळे विषमदिक् ऊर्जा क्षीण, ध्रुवांची ऊर्जा क्षीण, सर्वच खिंडी ठेंगण्या. कण या दरीतून त्या दरीत सहज ये-जा करत असतो. अशा वेळी पृथ्वीचे क्षेत्र एका दरीला किंचित अधिक खोल करते. ते कोणालाही ढकलत नाही. परंतु ये-जा करणाऱ्या अब्जावधी कणांपैकी थोडे अधिक कण त्या बाजूला आढळू लागतात.

तापमान आणखी उतरते, बाण लांबतात, खिंडी भराभर उंचावतात. एका ठरावीक तापमानाला कणाची ये-जा बंद पडते. त्या क्षणी जे अल्पसे बहुमत होते, तेच कायम होते. येथून पुढे पृथ्वीचे क्षेत्र बदलले, उलटे झाले, तरी त्याच्या २० ज्यूलांना ती खिंड ओलांडता येत नाही.

म्हणजे दोन कामे दोन वेगळ्या ऊर्जांनी केली. दिशा दिली ती सर्वांत क्षीण ऊर्जेने, कारण अडसर ठेंगणे असताना ती तेथे होती. ती दिशा राखली बलवान ऊर्जांनी. त्यांना स्वतःची अशी एकच दिशा पसंत नव्हती, आठही सोप्या दिशा त्यांना सारख्याच होत्या. केवळ जोराची तुलना केली तर हे कोडे सुटत नाही. वेळेचा विचार केला की सुटते.

या स्मृतीने काय सिद्ध केले

ही गोष्ट केवळ कुतूहलाची राहिली नाही. खडकातील चुंबकीय दिशा क्षितिजाशी किती कलली आहे, यावरून तो खडक कोणत्या अक्षांशावर थंड झाला हे काढता येते. विषुववृत्तावर कल शून्य असतो व ध्रुवाकडे जाताना तो वाढत जातो. लंडनच्या इंपीरियल कॉलेजातील क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी भारतातील खडकांच्या चुंबकत्वाविषयीचे निष्कर्ष १९५६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी डॉइच यांच्यासह दख्खनच्या पाषाणावरील अभ्यास १९५९ मध्ये मांडला. याच संस्थेत लिखिते, राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे यांनी खडकांचे चुंबकीय वर्तन आलेखरूपाने दाखवणारे उपकरण तयार केले व बेसाल्टमधील कण अतिसूक्ष्म, एकप्रदेशी की बहुप्रदेशी, हे ओळखण्याचे काम पुढे नेले.

या साऱ्या मोजमापांचा निष्कर्ष असा, की दख्खनचा पाषाण थंड झाला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस होती. आज मान्य असलेल्या आकड्यांवरून हिशोब केल्यास बीडची जागा त्या वेळी सुमारे २९ अंश दक्षिण अक्षांशावर येते. आज ती १९ अंश उत्तरेस आहे. म्हणजे पाच हजारांहून अधिक किलोमीटरचा प्रवास, सरासरी वर्षाला सुमारे आठ सेंटिमीटर. शिवाय दख्खनच्या थरांच्या मोठ्या जाडीत नोंदलेली दिशा आजच्या उलट आहे. त्या काळी पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटलेले होते. भूखंड सरकतात या विचाराला त्या काळी विद्वानांचा मोठा विरोध होता. तो दूर करणाऱ्या पुराव्यांत आपल्या काळ्या पाषाणाचाही वाटा आहे.

मात्र या पुराव्यावर एक रास्त शंका घेतली जात असे. नेएल यांचे सूत्र एकाच दिशेच्या लहान कणांसाठी आहे; खडकांत तर बहुधा त्याहून मोठे, भोवऱ्यासारखी मांडणी असलेले कण आढळतात. त्यांची स्मृती विश्वसनीय आहे का? येथेच सूक्ष्मचुंबकीय प्रतिमानाची खरी कसोटी लागली. २०१७ मध्ये नॅगी, विल्यम्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर अशा कणांतील खिंडींची उंची मोजली. भोवऱ्याच्या अवस्थेतील कण अब्जावधी वर्षे स्मृती राखू शकतात, इतकेच नव्हे तर एकाच दिशेच्या कणांहून अधिक स्थिर असू शकतात, असे त्यांना आढळले. ज्या साक्षीवर विश्वास ठेवला होता, तिची अशी उलटतपासणी झाली व ती टिकली.

पुढील मुलांसाठी

हा अभ्यास आपल्या आवाक्याबाहेरचा आहे असे कोणी समजू नये. ओढ्यातील वाळू, पट्टीचुंबक व कागद एवढ्यावर त्याचा प्रारंभ होतो. पुढची पायरी संगणकाची. कणाचे विभाजन करताना प्रत्येक खोली सुमारे नऊ नॅनोमीटरहून लहान ठेवावी लागते, अन्यथा विनिमय ऊर्जेचा हिशोब चुकतो. ८ नॅनोमीटरची खोली धरली तर एका मायक्रोमीटरच्या घनात जवळजवळ वीस लाख खोल्या होतात. त्याला मोठे यंत्र लागेल. परंतु १०० नॅनोमीटरच्या कणात दोन हजारांच्या आसपासच खोल्या होतात, आणि हे गणित साध्या संगणकावरही करता येते. त्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेची 'ऊमफ' ही आज्ञावली विनामूल्य उपलब्ध आहे. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियांत्रिकी वा पदार्थविज्ञान शिकले, त्यांनी सुटीत येऊन लहानांना हा एक प्रयोग करून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.

ओढ्यात उभा राहून प्रश्न विचारणारा तो मुलगा आज मोठा झाला आहे. हा अंक त्याच्या हाती पडेल, अशी आशा आहे. त्याला आम्ही एवढेच सांगू, की तुझा प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या पुढचा होता आणि त्याचे उत्तर मिळवायला आम्हाला उशीर झाला. पृथ्वीचा आवाज क्षीण होता, पण तो वेळेवर होता. वसतिगृहात मुलांसोबत काम करणाऱ्या आम्हा सर्वांना हे उत्तर पाषाणाबाहेरही उपयोगी पडले आहे.